कुलूप लागलेल्या घरांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, नाहीतर भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायची. तुम्ही बेळगावात अर्थशास्त्रात एम.ए. करताय, गाव निपाणीकडचं. प्रबंधाचा विषय ‘सीमाभागातील वंचित समाजांची आर्थिक प्रगती’. हातात चार महिने आहेत, पैसे एसटीपुरते. गाईडनी सांगितलंय, तालुकावार निर्देशांक काढा आणि अनुसूचित जाती-जमाती विरुद्ध बाकीचे अशी तफावत दाखवा. तुम्हाला ते खटकतंय. तुमच्याच गल्लीत स्लॅबची घरं झाली, दारात गाड्या आल्या, पोरं कॉलेजला गेली. आणि तरीही, तुमचंच वाक्य आहे, ‘शनिवारी कुणाच्या दारात कोण येऊन बसतं ते सगळ्यांना माहीत आहे.’ मग ही प्रगती म्हणायची का, आणि मोजायची तर कोणत्या निर्देशांकानं?

मी सव्वीस वर्षं कुटुंब-सर्वेक्षणाच्या कामात काढली. आधी फॉर्म भरणारी, मग फॉर्म भरणाऱ्यांवर देखरेख करणारी, शेवटची काही वर्षं फॉर्म तयार करणारी. प्राध्यापक मी कधीच नव्हते, तेव्हा सिद्धांताचं गाईडना विचारा. गावात काय चुकतं एवढं मी सांगू शकते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न निर्देशांकाचा नाहीच. तो यादीचा आहे: तुम्ही ज्यांना मोजणार त्यांची नावं कुठून आणणार, आणि त्या यादीत कोण नसणार. निर्देशांक साधा घेतला तर परीक्षक फार तर दोन मार्क कापतील. यादी चुकली तर सगळंच खोटं ठरतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे मी एकदा स्वतः करून बसले आहे. वीसेक वर्षं झाली असतील. एका संस्थेसाठी अथणी तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांत आम्ही फिरत होतो. महिना जानेवारी, कारण अनुदान मार्चअखेर संपवायचं होतं. एका गावच्या दलित वस्तीत चिठ्ठ्या टाकून चौदा घरं निवडली होती. गेलो तर सहा घरांना कुलूप. सूचनापत्रकात लिहिलं होतं, घर बंद असल्यास शेजारचं घर घ्यावं. आम्ही घेतलं. अहवालात आलं की आधीच्या सर्वेक्षणापेक्षा वस्तीतली भूमिहीन कुटुंबं कमी झालीत आणि शाळेत जाणारी पोरं वाढलीत. सगळ्यांना बरं वाटलं.

मे महिन्यात दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेले. सहाही दारं उघडी होती. अंगणात गोधड्या वाळत होत्या, भांडी घासून पालथी घातलेली. एका म्हातारीनं मला ओळखलं नाही, पण शेजारणीनं सांगितल्यावर म्हणाली, “तवा न्हवतो की मी. तोडीला गेलतो आम्ही समदी. पोरंबी संगंच.” ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या पुढंमागं गेलेली, पाडव्याला परतलेली. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती, म्हणून पोरांनाही शाळा सोडून जावं लागलं होतं. मग मला आठवलं. जानेवारीत बदली म्हणून आम्ही ज्या घरात बसून फॉर्म भरला होता, त्या घरात भिंतीच्या खिळ्याला किल्ल्यांचा झुबका टांगलेला होता. त्या बंद घरांच्याच किल्ल्या. ज्या बाईला गाव सोडावं लागत नव्हतं तिच्याकडंच सगळ्यांनी किल्ल्या ठेवलेल्या, आणि आम्ही नेमकं तिचंच घर गरिबांचा नमुना म्हणून मोजलं. पाच एकर रान होतं तिच्या नवऱ्याच्या नावावर.

तेव्हापासून कुलूप दिसलं की मी ते घर सोडत नाही, तेच आधी लिहून घेते. तुम्हीही तेच करा. शेजाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कुठं गेलेत, कधी गेले, सोबत कोण कोण गेलंय. फोन नंबर मिळतोच. रामदुर्ग-सौंदत्तीकडची माणसं गोव्यात बांधकामावर असतात, खानापूरची पोरं पुण्या-गोव्यात हॉटेलात आणि कारखान्यांत. पाडवा आणि गावची यात्रा या दोन वेळी निम्मी तरी परत येतात, त्या चार दिवसांत बाकीची सगळी कामं बाजूला ठेवायची. तुमचे चार महिने कोणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतील तर कुलपांची मोजदाद हाच प्रबंधाचा एक प्रकरणभर मजकूर होईल. एप्रिल ते जुलै असतील तर माणसं भेटतील, पण हंगामातली कमाई त्यांच्या आठवणीतून काढावी लागेल.

आता गाईडच्या निर्देशांकाबद्दल. त्यांचं पूर्ण चूक नाही. कर्नाटकात तालुकावार मागासलेपण मोजायची परंपरा आहे. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्ये अहवाल दिला. ३५ निकष लावून १७५ तालुके तपासले आणि ११४ मागे पडलेले काढले: ३९ अतिमागास, ४० अधिक मागास, ३५ मागास. सरकारी पैसा कोणत्या तालुक्याला जास्त द्यायचा हे ठरवायला ते मोजमाप उत्तम. पण तालुक्याला जात नसते. चिकोडी, रायबाग, हुक्केरी घ्या. कृष्णेचं, दूधगंगेचं, हिडकलचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, तालुक्याची सरासरी वर गेली. त्या सरासरीत उसाचा मालकही आहे आणि त्याचा ऊस तोडणाराही. तुमचा विषय त्या दोघांमधल्या अंतराचा, आणि सरासरी काढली की नेमकं ते अंतरच दिसेनासं होतं.

मग जातवार आकडे घेऊ म्हणाल तर एक हिशोब करून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची. देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबं, जिल्हे ७०७. म्हणजे जिल्ह्याला नऊशेच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात अनुसूचित जातींचं प्रमाण सुमारे १२ टक्के, जमातींचं ६. नऊशेतली बारा टक्के म्हणजे १०८ कुटुंबं. ती जुन्या दहा तालुक्यांत वाटली तर तालुक्याला दहा-अकरा. एवढ्यावर ‘चिकोडी तालुक्यातील अनुसूचित जातींची प्रगती’ असा तक्ता करून छापणारे मी पाहिलेत. तुम्ही करू नका. जिल्ह्यापुरतं एक वाक्य लिहा आणि पुढं सरका.

सीमाभाग हा शब्द तुम्ही विषयात घातलाय, आणि खरी मजा तिथं आहे. सापळाही तिथंच. मोह असा होतो की सीमेच्या अलीकडचं एक गाव घ्यावं, पलीकडचं एक, आणि कोणत्या राज्यात वंचितांचं जास्त बरं झालं ते सांगून टाकावं. कल्पना वाईट नाही. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात राहिला, खानापूर म्हैसुरात गेलं. तीच माती, तोच पाऊस, सोयरीकही तीच, आणि राज्य दोन. अर्थशास्त्रज्ञाला असा प्रयोग आयता कुठं मिळणार?

पण अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती ही नावं सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसांची नाहीत. बेरड घ्या. कर्नाटकात बेड, बेडर, वाल्मीकी ही नावं नायकांसोबत अनुसूचित जमातींत आहेत. महाराष्ट्रात बेरड विमुक्त जाती ‘अ’ मध्ये. लमाणी किंवा बंजारा कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. वडरांचं तेच: इकडं भोवींबरोबर अनुसूचित जाती, तिकडं विमुक्त. धनगर-कुरुबांचं आणखी वेगळं. इकडं कुरुब मागासवर्गाच्या २-अ गटात, तिकडं धनगर भटक्या जमाती ‘क’. आता तुम्ही दोन्हीकडचे अनुसूचित जमातींचे आकडे शेजारी ठेवलेत तर तुम्ही तुलना केली ती दोन याद्यांची, माणसांची नाही. सीमेवर काम करायचं तर प्रवर्ग विसरा. समाजाचं नाव लिहा, आणि ते नावही ते स्वतः सांगतील ते.

काळाच्या तुलनेतही हाच घोळ. बेड-बेडर-वाल्मीकी ही नावं यादीत आली १९९१ मध्ये. त्यामुळं १९८१ ची जमातींची संख्या आणि २०११ ची संख्या यांची वजाबाकी करून ‘वाढ’ काढली तर ती लोकसंख्येची वाढ नव्हे, राजपत्राची. खानापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी आहेत, मूळचे आफ्रिकेतून आलेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी आधीच जमातीत होते. बेळगाव आणि धारवाडचे २०२० च्या दुरुस्तीनं आले. म्हणजे २०११ च्या जनगणनेतला खानापूरचा सिद्दी तुम्हाला जमातींच्या रकान्यात सापडणारच नाही. त्यांच्याच शेजारी जंगलात गवळी-धनगरांचे वाडे आहेत, मराठी बोलणारे. वाड्यावर वीज नाही, रस्ता नाही, आणि वनहक्क कायद्याखाली अर्ज करायचा तर जमातीबाहेरच्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथंच राहत असल्याचं दाखवायचं. वाडा दर काही वर्षांनी जागा बदलत आलेला. कागद कुठून आणायचा? हे लोक कोणत्याच तफावतीच्या तक्त्यात बसत नाहीत. तुमच्या विषयाला त्यांच्याइतकं जवळचं कुणी नाही, पण चार महिन्यांत, पावसाच्या आत, पायी, हे जमेल का ते तुमचं तुम्ही बघा.

जमिनीचंही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की ‘मुळात जमीन कमी, म्हणून गरिबी’. महारवतनाच्या, म्हणजे गावकीच्या कामाबदल्यात दिलेल्या, जमिनी चंदगडला मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानं सुटल्या, इकडं म्हैसूरच्या १९६१ च्या. नंतर कर्नाटकात १९७८ चा कायदा आला: सरकारनं अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली असेल तर परत मिळू शकते. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन परत मागायला मुदतीची अट राहिली नाही. म्हणून ‘जमीन आहे का’ एवढं विचारून भागत नाही. उतारा कुणाच्या नावावर, कसतं कोण, आणि मधल्या काळात ती कुणाकडं होती, हे तिन्ही विचारा. एकाच तुकड्याची तिन्ही उत्तरं वेगवेगळी आलेली मी कितीदा लिहून घेतली आहेत.

आणि तुकडा लहान म्हणून माणूस गरीब, हे कारण तपासल्याशिवाय लिहू नका. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर निबंध लिहिला, तो वाचा. त्यांचं म्हणणं असं होतं की जमीन मोठी की लहान हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर लावायला माणसाकडं भांडवल आणि अवजारं किती आहेत त्यावरून ठरतं. आणि शेतीवर अडकलेली जास्तीची माणसं दुसऱ्या धंद्यात गेल्याशिवाय तुकडे जोडून काही होणार नाही. उपाय उद्योगधंद्यांत आहे. शंभर वर्षं उलटली तरी तुमच्या गल्लीचा प्रश्न तोच आहे: रान सोडून माणसं गेली कुठं, आणि तिथं त्यांना कोणत्या अटीवर घेतलं. (तुमच्याच निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृतांची परिषद झाली, आंबेडकर तिला होते. प्रस्तावनेत ते येऊ द्या, पण दोन ओळींत. प्रस्तावनाच तीस पानांची करणारे फार आहेत.)

सीमेपलीकडच्या तुलनेत अलीकडं आणखी एक खडा आहे. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत, आणि ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये. महाराष्ट्रात बायकांना एसटीला अर्धं तिकीट, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५००. गृहलक्ष्मी मिळते घरातल्या कर्त्या बाईला, एका घरात एकीला. लाडकी बहीणचे नियम वेगळे. मायलेकी सीमेच्या दोन बाजूंना दिलेल्या असतात, त्यांचे हिशोब एका फॉर्ममध्ये बसवताना मी भल्याभल्यांना गडबडताना पाहिलंय. हे पैसे कमाईत धरायचे की वेगळ्या रकान्यात, ते पहिल्या दिवशीच ठरवा. मी वेगळे लिहीन.

एवढं सगळं बघून माझं मत सरळ आहे: चार महिन्यांत सीमा ओलांडू नका. एकच गाव घ्या, फार तर दोन. तुलना त्याच गावात करा. वस्तीतली चाळीस घरं, गावातली चाळीस. आणि प्रत्येक घराची तुलना त्याच्या स्वतःच्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या स्थितीशी. ‘पंधरा वर्षांपूर्वी काय होतं’ असं मात्र विचारू नका. कुणालाच सांगता येत नाही. ‘थोरलीचं लग्न झालं तेव्हा घर कशाचं होतं?’ विचारा. ‘२०१९ च्या पुराच्या आधी म्हशी किती होत्या?’ विचारा. कृष्णाकाठी पूर सगळ्यांच्या डोक्यात पक्का आहे. लग्न, पूर, घरातलं मरण या खुंट्यांना आकडे बरोबर अडकवलेले असतात.

आता कमाईकडं येते, कारण प्रबंधातले सगळ्यात जास्त खोटे आकडे तिथं असतात. नमुन्यासाठी चपलांचं घर घ्या. ज्याला बाहेर कोल्हापुरी म्हणतात ती चप्पल अथणी-निपाणीकडंही पिढ्यान्‌पिढ्या होते. तिचं भौगोलिक मानांकनही दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून आहे, आठ जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अशा घरात गेलात तर ओसरीत गडी माणूस तळ कापत असतो आणि आत बाई वेणी घालत असते. वेणी म्हणजे पट्ट्यावरची चामड्याची विणकाम केलेली पट्टी. डोळे तिच्यावरच ठेवावे लागतात, बोटांना कायम चीर पडलेली.

तुम्ही विचारलंत, ‘महिन्याला किती मिळतात?’ तर तो सांगेल एक आकडा, बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यावरचा. तिला विचारलंत तर म्हणेल, ‘मी काय करत नाही, घरातच असतो की.’ (आमच्याकडच्या बायका ‘करतो, जातो’ म्हणतात, बाहेरून आलेली फॉर्म भरणारी पोरं तिथंच गोंधळतात.) म्हणून मी असं विचारायचे: गेल्या बाजारापासून आजपर्यंत किती जोड झाले? चामडं कुणाचं होतं? एका जोडाच्या वेणीला किती वेळ जातो? माल कुणी नेला, आणि पैसे हातात किती दिले? समजा आठवड्यात बारा जोड झाले आणि जोडाला व्यापारी सहाशे देतो. सात हजार दोनशे, कागदावर झकास. पण चामडं त्यानंच दिलं असेल तर त्याचे पैसे आधी कापतो. मागची उचल असेल तर तीही. उरलेले दोन हजार असतील तर ते दोघांच्या सहा दिवसांचे. शिवाय पावसाळ्यात धंदा बसतो, ते महिने वेगळेच.

या चार प्रश्नांतून जे कळतं ते निर्देशांक कधी सांगत नाही. चामडं स्वतःचं असेल तर तो कारागीर आहे. चामडं व्यापाऱ्याचं असेल तर तो मजूर आहे, फक्त कारखाना त्याच्या घरात आहे आणि भाडं त्यानंच भरायचं. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात दोघंही ‘स्वयंरोजगार’ या एकाच खान्यात पडायची शक्यता मोठी, आणि बाई ‘घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस’. देशात १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. ही वाढ बरीचशी अशाच खान्यांतून आलेली आहे. तुमच्या गावात ती बाई काल काम करत नव्हती आणि आज करायला लागली, की कालही करत होती आणि आज कुणी तरी विचारलं, हे तुम्ही शोधून काढलंत तर तेवढ्यानंही प्रबंधाचं सोनं होईल.

तुम्ही निपाणीकडचे, तेव्हा तंबाखूच्या वखारी आणि विड्या तुमच्या गल्लीत असणारच. तिथंही हेच. विडी हजारावर मोजली जाते, पण परत किती आल्या हे कुणी लिहीत नाही. ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन सगळ्यांना आठवतं, ते शेतकऱ्याच्या भावाचं. त्याच तंबाखूची भुकटी छातीत घेणाऱ्या वखारीतल्या बायकांची मजुरी वेगळा विषय आहे, वेगळाच विचारा.

आणि शनिवार. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच, तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. आठवड्याचा हप्ता घ्यायला येणारा फायनान्सवाला हा गेल्या काही वर्षांतला खरा बदल. निर्देशांकात तो ‘वित्तीय समावेशन’ म्हणून चांगल्या बाजूला जमा होतो: बाईच्या नावावर खातं, बाईच्या नावावर कर्ज. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला, यावरून काय ते समजा. मी कर्जाचा आकडा कधीच एकटा लिहीत नाही. कर्ज कुणाकडून, कशासाठी, आणि चुकलं तर काय होतं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बँकेचं चुकलं तर नोटीस येते. बायकांच्या कर्जगटाचं चुकलं तर शेजारणी दारात बसतात. सावकाराचं चुकलं तर पुढच्या सुगीला त्याच्याच रानात जावं लागतं. मुकादमाची उचल चुकली तर पुढच्या हंगामाला कोयता पुन्हा त्याचाच. वीस वर्षांपूर्वी ज्या घराचं कर्ज चौथ्या प्रकारचं होतं आणि आज पहिल्या प्रकारचं आहे, ते घर पुढं गेलं असं मी म्हणते, मग रक्कम दुप्पट का झालेली असेना. स्लॅबच्या घराचंही तसंच. स्लॅब कुणाच्या पैशानं पडला ते विचारल्याशिवाय तो प्रगतीत मोजू नका.

भेदभाव होतो का, हा प्रश्न फॉर्ममध्ये थेट घालू नका. गावात कुणी ‘हो’ म्हणत नाही, ना वस्तीत, ना गावात. तो रचनेतून काढावा लागतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये छापलेला अभ्यास आदर्श म्हणून बघा: ६६ आठवडे खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, मुख्य तुलनेत पात्रता सारखी, फक्त नावं सवर्ण, दलित, मुस्लिम. बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सवर्ण नाव १ धरलं तर दलित नावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३ आलं. कुणाला काही विचारलंच नाही. तुमच्याकडं असं करायला वेळ नाही, पण छोटी युक्ती आहे: एकाच गावच्या, एकाच वर्षी दहावी झालेल्या पोरांची यादी शाळेतून घ्या आणि आज कोण कुठं आहे ते लिहा. मार्क सारखे, गाव तेच, मास्तर तेच. पुढं वाटा कुठं फुटल्या ते आपोआप दिसतं. मराठी शाळेतून निघालेल्या पोराला पुढं कन्नड किंवा इंग्रजीतून शिकावं लागतं, हा सीमाभागाचा स्वतःचा अडसर आहे. तो वस्तीतल्या पोराला आणि गावातल्या पोराला सारखाच नडतो की शिकवणीच्या पैशानं एकाला कमी नडतो, तेही या यादीतून निघेल. मी तुमच्या जागी असते तर ही यादी पहिल्या आठवड्यात मिळवली असती.

एक ताकीद. सौंदत्तीच्या बाजूला गेलात तर देवदासी राहिलेल्या बायकांना नमुन्यात घ्यायचा मोह होईल. प्रथेवर बंदी घालणारा कायदा कर्नाटकात १९८२ मध्ये झाला. सरकारी पाहणी झाली १९९३-९४ आणि २००७-०८ मध्ये, आणि मासिक मदत मिळायची ती त्या यादीत नाव असेल तर. ज्या बाईनं तेव्हा लाजेनं किंवा भीतीनं नाव सांगितलं नाही ती बाहेरच राहिली. यादी माणसाचं काय करते याचं याहून कडवट उदाहरण मला माहीत नाही. पण चार महिन्यांच्या ओळखीवर त्यांच्या दारात फॉर्म घेऊन जाऊ नका. त्यांच्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याशी बोला, तेवढ्यावर थांबा.

गाईडना कसं समजवायचं, हेही तुम्ही विचारलंय. भांडू नका. त्यांचा तालुकावार तक्ता पहिल्या प्रकरणात द्या, उपलब्ध आकड्यांवरून, दोन पानांत, आणि तिथंच वरचा १०८ कुटुंबांचा हिशोब मांडा. हिशोब त्यांनाही कळतो. २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे आणि राज्याच्या मागासवर्ग आयोगाचं नवं सर्वेक्षण सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा ‘पुढं मोठे आकडे येतीलच, आज गावातून काय दिसतं ते आम्ही नोंदवतो’ असं लिहिलंत तर तेही खूश.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, फॉर्म मराठीत करू की कन्नडमध्ये. विद्यापीठाला हवा त्यात करा, दोन्हीत छापलात तर उत्तम. तोंडानं मात्र समोरच्याच्या भाषेत, आणि छापलेलं वाचून दाखवायचं नाही. विशेषतः ‘उत्पन्न’ हा शब्द टाळा. आपल्याकडं शेतकऱ्याला तो पिकाचा वाटतो, आणि बाकीच्यांना तहसीलच्या दाखल्याचा. दाखला म्हटलं की रेशनकार्ड जाईल अशी धास्ती, आणि मग गल्लीतली सगळी घरं एकच आकडा सांगतात. ‘घर कशावर चालतंय?’ म्हणून विचारा. पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. माझा जुना फॉर्म कागदावरच आहे, हवा असेल तर सांगा, फोटो काढून इथं टाकते. कुलपांचा रकाना त्यात पहिल्याच पानावर आहे.